स्वस्त बिअरला नावं ठेवण्याआधी

जानेवारी उजाडला, गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षं तुडवायचे कार्यक्रम सुरू झाले, की नाशिकमध्ये एक ठरलेला वाद डोकं वर काढतो. एका बाजूचं म्हणणं असं, की वाइनची राजधानी म्हणवणाऱ्या शहरातला माणूस अजून परमिट रूममध्ये बसून तीच ती साडेसहाशे मिलिलिटरची बाटली फोडतो, म्हणजे याची जीभ काही सुधारली नाही. दुसऱ्या बाजूचं उत्तर तयारच असतं: ही आमची बिअर, आमच्या मातीतली, तुमची फ्रेंच नावं तुमच्यापाशी ठेवा. दोघंही तावातावाने बोलतात आणि दोघंही मूळ प्रश्नाला बगल देतात. माझं म्हणणं सरळ आहे. महाराष्ट्रात लंडन पिल्सनर, गोव्यात किंग्ज, बंगालात कल्याणी ब्लॅक लेबल, अशा त्या त्या भागातल्या साध्या बिअर कधीमधी बसणाऱ्या माणसाला आवडतात, त्याला कारण त्याचं चवीतलं अज्ञान नाही आणि प्रांताभिमान तर नाहीच. त्याला संध्याकाळी जे हवं असतं ते त्या बाटलीतून त्याला नेमकं मिळतं. या बिअरमध्ये वाईट असं बरंच काही आहे. पण ते चवीत नाही, अल्कोहोलच्या टक्क्यांत आणि त्यावरच्या करात आहे. आणि नेमकं त्याबद्दल कुणी भांडत नाही.

आधी जाणकारांचं जे खरं आहे ते मान्य करू. या बिअर सातूच्या माल्टबरोबर (म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूबरोबर) तांदूळ, मका किंवा साखर वापरून बनतात. हॉप्स या फुलांचा कडवटपणा बेताचा ठेवलेला असतो. त्या इतक्या थंड दिल्या जातात की जीभ बधिर होते, आणि बधिर जिभेला दोष कळत नाहीत हे कंपन्यांनाही ठाऊक असतं. चोखंदळ लोकांनी कुरकुर केली नाही तर बाजारात एकच चव उरते, हेही खरं. ब्रिटनमध्ये १९७१ साली चार मित्रांनी एल या पारंपरिक इंग्लिश बिअरच्या बचावासाठी मोहीम काढली नसती, तर तिथल्या कित्येक छोट्या भट्ट्यांची नावंसुद्धा आज कुणाला माहीत नसती. आपल्याकडे २००९ मध्ये पुण्यात डूलाली ही छोटी बिअरभट्टी सुरू झाली आणि ताजी, भट्टीवरच मिळणारी बिअर काय असते ते आपल्या लोकांना कळलं. या मंडळींचे उपकार आहेतच.

पण यातून ‘साधी बिअर पिणारा म्हणजे बेचव माणूस’ हा निष्कर्ष निघतो कसा? आज जिला फिकी म्हणून हिणवतात, ती लागर नावाची पिवळी, नितळ बिअर एके काळी नवलाईची गोष्ट होती. बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) पिल्झेन गावात १८३८ मध्ये खराब बिअरची पिंपंच्या पिंपं नगरभवनासमोर रस्त्यावर ओतून दिली गेली. लोक वैतागले होते, कारण या खेपेला काय चव निघेल याचा भरवसा नव्हता. गावाने मग नवी भट्टी उभारली, बव्हेरियातून योजेफ ग्रोल हा कारागीर आणला आणि १८४२ मध्ये त्याने जी बिअर काढली, तिची नक्कल जग आजतागायत करत आहे. पुढे १८८३ मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सनने यीस्टची शुद्ध वाढ करून दाखवली आणि एका बाटलीसारखी दुसरी बाटली काढणं आवाक्यात आलं. तांदूळ-मक्याची भेसळ म्हणून जी टिंगल होते, तिचंही तसंच. अमेरिकेत गेलेल्या जर्मन कारागिरांना तिथल्या सहा ओळींच्या सातूत प्रथिनं जास्त सापडली. बिअर गढूळ होऊ नये म्हणून त्यांनी मका आणि तांदूळ घातला. काटकसर होतीच, पण तिच्यामागे कारागिरीही होती.

तेव्हा ‘सगळ्या बाटल्या सारख्याच लागतात’ ही तक्रार ज्या गुणाबद्दल आहे, तो मिळवायला युरोपची कित्येक दशकं गेली. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. त्या उन्हात ट्रकमधून उतरलेले, गोदामात पडून राहिलेले, शेवटी बिअर शॉपीच्या कुरकुरणाऱ्या फ्रिजमध्ये शिरलेले क्रेट डोळ्यांसमोर आणा. एवढं होऊनही नाशिकरोडला आणि मनमाडला बाटली सारखीच लागते. एखादी नाजूक, न गाळलेली गव्हाची बिअर या प्रवासात टिकली असती का?

आता ती पितात कशी ते बघा. सातपूर-अंबडची शिफ्ट सुटल्यावर परमिट रूममध्ये चौघं येऊन बसतात. वेटर बाटली आणतो, फडक्याने पुसतो आणि उघडण्याआधी पुढे धरतो. मंडळींतला एक जण हाताच्या मागच्या बाजूने तिला स्पर्श करून बघतो. ‘दादा, ही नाही, आतली काढा.’ दुसरी येते. हिच्यावर दव धरलेलं असतं, लेबलचा कोपरा सुटत आलेला असतो. ओपनर लागतो, पेले तिरपे होतात, फेस वर येऊ न देण्याची सगळ्यांची आपापली रीत असते आणि प्रत्येकाला आपलीच रीत बरोबर वाटते. खारे शेंगदाणे, कांदा-टोमॅटो घातलेला मसाला पापड, कुणासाठी उकडलेलं अंडं. मग बोलणं सुरू होतं: ओव्हरटाइमचे पैसे, पोराचं अ‍ॅडमिशन, लासलगावला कांदा काय भावाने गेला, कंत्राटी पोरांना कायम करणार की नाही. तासाभराच्या या गप्पांत बिअरबद्दल एक अक्षर निघत नाही. हीच तिची नोकरी आहे! तिने मध्ये मध्ये बोलायचं नसतं.

वाइनच्या चाखणीत याच्या अगदी उलटं असतं. तिथे पेला फिरवायचा, हुंगायचा, पेरू आला का, गवत आलं का ते सांगायचं. बोलण्याचा विषय पेल्यातलाच असतो. मला त्यात मजा येते, चांगला शेनिन ब्लाँक मिळाला तर मी तिथून हलत नाही. पण एका ठिकाणी पेय हा कार्यक्रम आहे आणि दुसऱ्या ठिकाणी पेय हे बसण्याचं निमित्त आहे, एवढा फरक ज्याला दिसत नाही त्याने कुणाच्या जिभेची परीक्षा घेऊ नये. टपरीवर चहा घेणाऱ्याला आपण दार्जिलिंगच्या कोणत्या मळ्याची पत्ती आहे असं विचारत नाही आणि त्याला चहातलं काही कळत नाही असंही म्हणत नाही. शिवाय पैशाचा हिशेब आहे. महिन्यातून एखाद-दोन वेळा बसणाऱ्याला नवी बाटली उघडून बघण्याची चैन परवडत नाही. ती नाही आवडली तर त्याची संध्याकाळ गेली आणि पैसेही गेले. ज्याच्या घरी सहा बाटल्या पडून असतात त्याला प्रयोगशील असणं फुकटात पडतं. ओळखीच्या लेबलवर बोट ठेवणारा माणूस धोका टाळतो आहे, आणि त्याच्या जागी तुम्ही-मीही तेच केलं असतं.

आता दुसरी बाजू, ‘आमच्या मातीतली’वाल्यांची. इथे मला जरा कठोर व्हावंसं वाटतं, कारण हा युक्तिवाद ऐकायला गोड आणि आतून पोकळ आहे. लंडन पिल्सनर युनायटेड ब्रुअरीजकडे आहे आणि त्या कंपनीचा ताबा २०२१ पासून नेदरलँड्सच्या हायनेकनकडे आहे. हेवर्ड्स ५००० ही बिअर शॉ वॉलेसकडून सॅबमिलरकडे गेली आणि २०१६ मध्ये सॅबमिलरच बेल्जियमच्या एबी इनबेव्हच्या पोटात गेली. २०२१ मध्येच भारतीय स्पर्धा आयोगाने युनायटेड ब्रुअरीज आणि कार्ल्सबर्ग इंडिया यांना, त्यांच्या संघटनेसह, संगनमताने किमती ठरवल्याबद्दल मिळून सुमारे ८७३ कोटींचा दंड ठोठावला. एबी इनबेव्ह सुटली, कारण माहिती तिनेच दिली होती. म्हणजे टेबलावर ज्या ब्रँडांवरून दोन मित्र हमरीतुमरीवर येतात, त्यांचे मालक एका टेबलावर बसून भाव ठरवत होते असं आयोग म्हणतो. सातू येतं मुख्यतः राजस्थान-हरियाणाकडून. त्या बाटलीत महाराष्ट्राचं म्हणून खात्रीने काही सांगता येईल तर ते पाणी, आणि तेही वादातलं.

मग या बिअर प्रांताप्रांतात वेगवेगळ्या का राहिल्या? त्याचं उत्तर उत्पादन शुल्काच्या कायद्यात आहे. दारू हा राज्यांचा विषय. प्रत्येक राज्याचं शुल्क वेगळं, लेबलची नोंदणी वेगळी, दुसऱ्या राज्यातून माल आणायचा तर त्याचं शुल्क पुन्हा वेगळं. त्यामुळे बिअरपुरता भारत हा एक बाजार नाहीच, तो तीसेक बाजारांचा पुंजका आहे. बिरा ९१ या ब्रँडच्या कंपनीने नावातला ‘प्रायव्हेट’ हा शब्द गाळला, तर तेवढ्यासाठी राज्याराज्यांत लेबलं नव्याने मंजूर करून घ्यावी लागली, विक्री महिनोन्‌महिने अडली आणि कंपनी गाळात गेली. अशा कुंपणांच्या आत जो ब्रँड आधी रुजला तो त्या भागाचा झाला. मातीचा महिमा यात कुठेच नाही.

तरीही लोकांची निष्ठा खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पेन्सिल्वेनियातल्या लॅट्रोब गावची रोलिंग रॉक १९३९ पासून तिथेच बनत होती. २००६ मध्ये अँहॉयझर-बुशने ब्रँड विकत घेतला आणि उत्पादन न्यू जर्सीतल्या नुअर्कला हलवलं. बाटलीवर गावच्या झऱ्यांची भलावण होती. झरे मागे राहिले आणि बाटली पुढे गेली. मालक बदलतो, कारखाना बदलतो, तरी माणूस लेबलला धरून राहतो, कारण त्याची निष्ठा मुळात जमिनीशी नसतेच. ती मित्रांशी असते, पहिल्या पगाराशी असते, त्या ठरावीक टेबलाशी असते. एवढं म्हणून थांबावं. त्याला अस्मितेचा झेंडा लावला की फायदा फक्त जाहिरात खात्याचा.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर नाशिककराने तो टाळून चालणार नाही. २०१५ च्या दुष्काळात गंगापूर-दारणाचं पाणी जायकवाडीला सोडलं गेलं तेव्हा इथले द्राक्षबागायतदार रस्त्यावर आले, आणि एक वाक्य घरोघरी ऐकू आलं: आमचं पाणी मराठवाड्याच्या तहानेसाठी जातं की तिथल्या बिअरच्या कारखान्यांसाठी? प्रश्न बिनबुडाचा नव्हता. छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यात बिअरचे मोठे कारखाने आहेत आणि त्यांची भिस्त जायकवाडीवर आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात औरंगाबाद खंडपीठाला मद्यनिर्मितीच्या पाण्यात आधी ५० आणि मग ६० टक्के कपात करायला सांगावं लागलं. पण तोच प्रश्न स्वतःलाही विचारायला नको का? द्राक्षाची बाग ठिबकवर असली तरी ती हवेवर जगत नाही, आणि वाइनही द्राक्षाचीच होते. मराठवाड्याच्या बिअरला जाणारं गोदावरीचं पाणी पाप आणि नाशिकच्या वाइनला जाणारं पाणी संस्कृती, हा हिशेब मला कधी जमला नाही.

आणि ही संस्कृती तरी कुठून आली? सुला या नाशिकच्या कंपनीची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, द्राक्षाच्या वाइनला उत्पादन शुल्कातून सूट दिली. पुढे २० टक्के व्हॅटमधले १६ टक्के परत देण्याची योजना आली. हेतू चांगला होता, निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याला दुसरा ग्राहक मिळावा हा. त्याला माझा विरोध नाही. पण मग प्रामाणिकपणे एवढं तरी म्हणा, की नाशिकची वाइन रुजली ती सरकारी खतपाण्यावर, आणि बिअर पिणाऱ्याने मात्र प्रत्येक बाटलीमागे भरघोस शुल्क भरलं. २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असं सत्तेतूनच सांगितलं गेलं. विरोधकांनी ‘मद्यराष्ट्र’ म्हणून रान उठवलं आणि निर्णय बारगळला. त्या गदारोळात बिअरचं नाव कुणी घेतलं नाही. शेतकऱ्याचं भलं करणारं ते पेय, कामगाराचा घसा ओला करणारं ते व्यसन, ही वाटणी दोन्ही पक्षांनी गृहीतच धरली होती.

अशी वाटणी आपल्याकडे नवी नाही. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला आणि गावोगावच्या छोट्या भट्ट्यांची जागा परवान्याच्या मोठ्या भट्ट्यांनी घेतली. १८९२ च्या मोह कायद्याने ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत मोहाची फुलं घरात ठेवण्यावरही निर्बंध आले. त्याच मोहाच्या फुलांपासून उरणच्या भट्ट्यांत मुंबईसाठी दारू निघत होती, सरकारला महसूल देत होती. आदिवासीच्या अंगणात ती गुन्हा आणि उरणच्या गोदामात ती उत्पन्न. आमच्या पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर पडणाऱ्या छाप्यांच्या बातम्या वाचताना मला हे आठवतं. कोणतं पेय सभ्य आणि कोणतं असभ्य, हे पेल्यात काय आहे यावरून ठरलेलं मला इतिहासात फारसं दिसत नाही. पिणारा कोण आणि कर कोणाला मिळतो, यावरून ठरलेलं दिसतं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, की हा माणूस दारूची वकिली करतो आहे. हा सर्वांत भारी आक्षेप आहे आणि त्याला चवीच्या गप्पा मारून उत्तर देता येत नाही. महात्मा फुल्यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेत दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध लेखी आवाज उठवला होता, आणि त्यांच्यापुढे होती ती कष्टकऱ्यांची घरं. आजही गावोगावच्या बायका दारूबंदीच्या मतदानाला रांग लावून ‘आडव्या बाटली’वर शिक्का मारतात, त्यांना कुणी लागरचा इतिहास ऐकवू नये. अल्कोहोल कर्करोगाला कारण ठरतं हे जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नोंदवलं आहे. २०२३ मध्ये संघटनेने सांगितलं की निर्धोक असं प्रमाणच नाही. ‘बिअर म्हणजे दारू थोडीच’ हा आपला लाडका बचाव तर आकडेमोडीत टिकतच नाही. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटर बाटलीत ५२ मिलिलिटर अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या पेगमध्ये ते साधारण २६ असतं. म्हणजे एक स्ट्राँग संपवणारा दोन लार्ज पेग घेऊन उठतो, आणि वर ‘मी फक्त बिअर घेतली’ म्हणून स्कूटरला किक मारतो. ‘बिअर द्या म्हणजे लोक कडक दारू सोडतील’ हा प्रयोगही झालेला आहे. इंग्लंडने १८३० मध्ये दोन गिनी भरणाऱ्या कुठल्याही करदात्याला बिअरचं दुकान उघडू दिलं. हजारोंनी दुकानं निघाली, आणि जिनसारखी कडक दारू काही गेली नाही.

हे सगळं मला मान्य आहे. पण बघा, हा आक्षेप वाइनला लागत नाही का? साडेबारा टक्क्यांच्या वाइनच्या बाटलीत ९४ मिलिलिटर अल्कोहोल असतं, जवळजवळ दोन स्ट्राँग बिअरइतकं. आरोग्याचा मुद्दा आणायचा तर तो चाखणीच्या खोलीपासून परमिट रूमपर्यंत सारखा आणा. फक्त सातपूरच्या टेबलावर तो ठेवला, की त्याला आरोग्याचा मुद्दा म्हणता येत नाही.

खरा प्रश्न असा, की अधूनमधून बसणाऱ्या साध्या माणसाच्या हातात स्ट्राँगच का येते? ५ टक्क्यांच्या माइल्ड बाटलीत ३२-३३ मिलिलिटर अल्कोहोल असतं. गप्पांना, उकाड्याला, मसाला पापडाला ती भरपूर झाली. पण देशात खपणाऱ्या बिअरचा फार मोठा हिस्सा स्ट्राँगचा आहे, आणि त्याला कारण आपण लोक जात्याच झिंगखोर आहोत हे नाही. दोन्ही बाटल्यांच्या किमतीत फारसा फरक नसतो, आणि क्वार्टरच्या तुलनेत बिअरमधला अल्कोहोलचा प्रत्येक मिलिलिटर महाग पडतो. खिशात मोजके पैसे असलेला माणूस मग ज्यात जास्त मिळतं ते घेतो. भाजी घेतानाही तो तेच करतो. त्याला हा धडा कर देणाऱ्यांनी नाही, कर लावणाऱ्यांनी शिकवला.

सरकारच्या हातात यावर काही करायच्या दोन संधी नुकत्याच येऊन गेल्या. २०२३ च्या ऑक्टोबरात बिअरची विक्री घटते म्हणून शुल्काचा फेरविचार करायला अभ्यासगट नेमला गेला. ‘सरकारला लोकांना बिअर पाजायची आहे’ अशी थट्टा झाली आणि चर्चा तिथेच संपली. घटती विक्री हे शुल्क कमी करायचं कारण होऊ शकत नाही, थट्टा करणाऱ्यांचं तेवढं बरोबर होतं. २०२५ च्या जूनमध्ये विदेशी आणि देशी मद्यावरचं शुल्क वाढलं, धान्यापासूनच्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’चा नवा प्रकार आणला गेला, आणि बिअर व वाइन दोन्ही बाजूला ठेवल्या गेल्या. शुल्क बाटलीतल्या अल्कोहोलच्या प्रमाणात लावा, मग ती बाटली वाइनची असो, व्हिस्कीची असो की बिअरची, ही मागणी या दोन्ही वेळी जोरात पुढे यायला हवी होती. तसं झालं तर माइल्ड स्ट्राँगपेक्षा ठळकपणे स्वस्त होईल, आणि वाइनला सवलत द्यायचीच असेल तर ती द्राक्षाच्या भावात थेट शेतकऱ्याला देता येईल. पुढच्या जानेवारीत गंगापूर रोडवर वाद घालणाऱ्यांनी एवढा एक आकडा घेऊन बसावं: ज्या दिवशी सातपूरच्या परमिट रूमच्या मेनूकार्डावर माइल्डची किंमत स्ट्राँगच्या दोन-तृतीयांश दिसेल, त्या दिवशी लोक काय मागवतात ते बघू, आणि त्यांच्या जिभेबद्दल काय बोलायचं ते त्यानंतर बोलू.